किरकोळ दुरुस्ती, रंग धरून

भाड्याने देण्यासाठी जुनं घर विकत घेताय? छान. त्याच्या दुरुस्तीला किती खर्च येईल याची चिंता लागली असेल, तर ती सोडा. हा आकडा काढायला हातोडी लागत नाही, इंजिनिअरही लागत नाही. एक्सेल लागतं. सगळ्यात खालच्या रकान्यात आधी परतावा किती टक्के हवा ते लिहा. मग घराची किंमत, कर्जाचा हप्ता आणि येणारं भाडं भरा. आता वर चढत या. जेवढी रक्कम गेली तरी खालचा रकाना हिरवा राहतो, तेवढाच दुरुस्तीचा खर्च. त्या ओळीला नाव द्या: ‘किरकोळ दुरुस्ती, रंग धरून’. शाळेत पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहून गणित रचायचो, तीच ही रीत. तेव्हा तिच्यासाठी छडी खाल्ली, आता तिला गुंतवणूक म्हणतात.

आकडा ठरला की मगच घर पाहायला जा. आधी घर आणि मग आकडा, असा उलटा क्रम धरणाऱ्यांचे व्यवहार होत नाहीत. बिचारे अजून स्वतःच्याच घरात राहतात.

जायचं ते कोरड्या दिवसांत आणि भर दुपारी. ओल तेव्हा झोपलेली असते. मालकाने नुकताच रंग दिला असेल, तर त्याच्या हौसेचं कौतुक करा. एकाच कोपऱ्याला दिला असेल, तर जरा जास्त करा. छताला नवंकोरं पीओपी दिसलं तर वर काय आहे असं विचारू नका. वर स्लॅब आहे, एवढं पुरे. भिंतीच्या तळाशी पांढरट भुकटी धरली असेल, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. बोटाने झटकला की जातो. आठवड्याने परत येतो म्हणे, पण तोवर तुमचं टोकन देऊन झालेलं असतं.

आता भेगा. भेगांचा एकच प्रकार असतो: गिलाव्याची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद आणि खाली निमुळती भेग दिसली, की काही शंकेखोर लोक ‘पाया एका बाजूने खचतोय’ म्हणतात. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली दिसली, तरी तेच म्हणतात. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने तर भेगांच्या रुंदीवरून नुकसानीच्या पायऱ्याच आखून ठेवल्या आहेत. 1 मिलिमीटरपर्यंतची भेग नेहमीच्या रंगकामात मिटते, 5 पर्यंतची भरून घेता येते, आणि 15 च्या पुढे गेली की भिंतीचे भागच उतरवून पुन्हा बांधावे लागतात. म्हणून मोजपट्टी नेऊ नका. जे मोजलंच नाही, ते पहिल्या पायरीवरच राहतं.

भेग वाढतेय की थांबलीय, हे पाहायला जुने गवंडी तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवत. भिंत हलली की काच तडकते. तुम्ही प्लास्टिकची चिकटवा. ती तडकत नाही.

दरवाजा चौकटीत अडकतोय? सुताराचं काम. रंधा मारा. पुढच्या वर्षी पुन्हा अडकेल, पुन्हा मारा. दरवाजा संपेपर्यंत पाया स्थिरावेलच. फरशीवर ठेवलेली गोटी आपोआप कोपऱ्यात गडगडत गेली, तर पाणी काढायला उतार आहे असं समजा. बेडरूममध्ये कशाला हवा, असल्या बारीकसारीक गोष्टींत पडू नका.

हॉल नको तितका मोकळा वाटला तर मात्र खूश व्हा. मधली भिंत काढलेली असणार, आणि मोकळ्या हॉलला भाडं जास्त येतं. ती भिंत वरचा भार पेलत होती की नाही, हे विचारायला ती आता आहे कुठे?

बीमवर बोटांनी टकटक करायचा मोह होईल, तो आवरा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आत काँक्रीट सळईपासून सुटलंय हे कळेल, आणि कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही. आतली गोष्ट अशी असते. काँक्रीट ताजं असताना अल्कधर्मी असतं आणि त्यामुळेच सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, ती अल्कता मरते, मग पाणी पोचलं की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. म्हणजे सळईच्या रेषेत गेलेली ती तपकिरी भेग तुमच्याशी बोलत असते. तुम्ही पुट्टी मागवा. (पुट्टीने आजवर एकही सळई वाचवलेली नाही, पण तिने वाचवलेले सौदे मोजायला बसलो तर बोटं पुरणार नाहीत.)

कोणी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा म्हणालंच, तर त्याला साफ टाळा. हा माणूस काँक्रीटचा नमुना काढतो, त्यावर अल्कता असेल तिथेच गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन टाकतो, आणि जिथे गुलाबी रंग येत नाही तिथे मान हलवतो. एका बाजूने ध्वनिलहरी सोडून त्या किती वेगाने पलीकडे पोचतात ते मोजतो. एवढं करून अहवालाचे पैसे घेतो, आणि तुमच्या एक्सेलमध्ये आधीच लिहिलेला आकडा चुकीचा असल्याचं सांगतो. फुकटात उलटं सांगणारा माणूस तुमच्याकडे आहेच: दलाल. त्याला सौदा झाल्यावरच पैसे मिळतात, त्यामुळे त्याला घरात कधी खोट दिसत नाही.

ठेकेदाराचं कोटेशन मात्र जरूर घ्या. त्या कागदाइतकं वाचनीय काही नाही. त्यात दर असतात. खराब काँक्रीट तोडणं अमुक प्रति चौरस फूट, सळई घासून गंजरोधक लेप अमुक, पॉलिमर मॉर्टर अमुक, कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे भोवती काँक्रीटचा नवा थर, तमुक. दर वाचून मन शांत होतं. शेवटी बारीक अक्षरांत ‘परिमाण प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. त्याचा अर्थ एवढाच, की किती काँक्रीट तोडायचं हे तोडल्यावरच कळणार. बाहेरून हातभर दिसणारा खराब पट्टा ठोकत ठोकत चांगल्या काँक्रीटपर्यंत न्यावा लागतो, आणि चांगलं काँक्रीट कधी कधी पलीकडच्या खोलीत सापडतं. तोडलेल्या बीमखाली टेकू लागतात, त्यांचं भाडं दिवसावर. बाहेरून काम असेल तर परांची. सळई झिजून बारीक झाली असेल तर जोडीला नवी. जॅकेटिंग करायचं तर कॉलमभोवतीची फरशी उखडायची, मग ती फरशी परत. खिडकीखालची गळती, वरच्या मजल्याची न्हाणी, तोडलेली वायरिंग, राडारोडा उचलणं, आणि अगदी शेवटी रंग. तुमच्या मूळ अंदाजातला हा एकच शब्द खरा ठरतो.

काही भित्रे लोक अंदाजावर आणखी 15-20 टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवतात. तुम्ही ठेवू नका. अनपेक्षित खर्च आधीच धरला तर तो अनपेक्षित कसा राहील? त्यापेक्षा तो सुटसुटीत नियम वापरा: दरवर्षी घराच्या किमतीच्या 1 टक्का देखभालीला. या नियमाची खुबी अशी, की तो घराचं वय विचारत नाही. नव्या घरालाही 1 टक्का, टेकूवर उभ्या असलेल्यालाही 1 टक्का. उलट खचलेलं घर स्वस्तात मिळतं, म्हणून त्याचा 1 टक्का आणखी कमी! कागदावर त्याची देखभाल चांगल्या घरापेक्षा स्वस्त पडते.

काम चालू असताना घर रिकामं राहील हे धरू नका. तीन महिने रिकामं म्हणजे वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा गेला, असले हिशेब मन खचवतात. भाडेकरू राहू द्या आत. टेकूंच्या मधून वाट काढत न्हाणीघरात जायची सवय लागते माणसाला.

मी हे सगळं ऐकीव सांगत नाही. माझ्या घराची ‘किरकोळ दुरुस्ती’ची ओळ पहिल्या बीमलाच फुटली. तिसऱ्या बीमला ठेकेदार फोनवर गप्प राहू लागला. तुमच्यावर ही वेळ आली, तर घर विकायला काढू नका आणि खर्चाचा आकडाही बदलू नका. शेजारच्या ‘वार्षिक भाडेवाढ’ या रकान्यात जा. तिथे 5 लिहिलेलं असेल. ते हळूहळू वाढवत राहा, खालचा रकाना पुन्हा हिरवा होईपर्यंत. माझा 14 टक्क्यांना झाला.