‘पूर्वी कोण मोजत होतं?’ म्हणणाऱ्यांसाठी

गुन्हेगारीवरच्या विनोदी सिनेमांबद्दल एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. पूर्वी पात्रांचा धर्म, जात, बाई-पुरुष असलं काही कोणी बघत नसे. आता प्रतिनिधित्वाच्या हट्टापायी विनोद मेला. बायकांच्या टोळ्या बघायला कोणी जात नाही. आणि विनोद मनावर घ्यायचा नसतो, असा एकूण सूर.

‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी? 1977 चा ‘अमर अकबर अँथनी’ घ्या. तस्करी, पळवापळवी आणि हसून पुरेवाट. मनमोहन देसाईंनी तर नावातच तीन धर्म मोजून मांडले. वाटणीही बघा: हिंदू भाऊ पोलीस इन्स्पेक्टर, मुसलमान भाऊ कव्वाल, ख्रिस्ती भाऊ दारूच्या अड्ड्याचा मालक. तस्कर रॉबर्ट, तोही ख्रिस्ती. सिनेमा मला आजही आवडतो, पण कोणी मोजत नव्हतं हे काही पटत नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्यांच्यावरून आलं, ते गोव्याचे संगीत संयोजक, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात हयात घालवली. पडद्यावर त्यांच्या समाजाच्या वाट्याला बाटली आली.

विनोद मेला म्हणता? हॉलिवूडचा ‘नाइव्ह्ज आउट’ (2019) बघा. खुनाचा तपास चाललेल्या श्रीमंत गोऱ्या घरात मार्टा ही स्थलांतरित कुटुंबातली नर्स आहे. ‘ती आमच्या घरचीच’ असं सगळे सांगतात, पण ती मूळची कुठली, यावर प्रत्येकाच्या तोंडी वेगळा देश. मार्टा गोरी असती तर हा विनोद सुचलाच नसता. त्याच्या कितीतरी आधी, 1984 मध्ये, ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या जागी एडी मर्फी आला. डेट्रॉइटचा काळा पोलीस गोऱ्यांच्या उच्चभ्रू वस्तीत घुसतो, या विसंगतीवर त्यातलं अर्धं हसू उभं आहे.

बायकांचं म्हणाल तर ‘क्रू’ (2024) मध्ये तिघी हवाई सुंदरी सोन्याच्या तस्करीत उतरतात. जगभरची कमाई 100 कोटींच्या पुढे गेली. याहून जास्त त्यावर काय बोलायचं?

राहिलं ‘मनावर घेऊ नका’. गंमत अशी, की हिंदी सिनेमात मराठी बोलणारी बाई दिसली की ती धुणीभांडी करणारीच आणि मराठी पुरुष म्हणजे वेंधळा हवालदार, यावर आपणच चिडतो. मग दुसऱ्यांनी का चिडू नये? ‘मडगाव एक्स्प्रेस’मध्ये (2024) छाया कदमची कांचन कोंबडी बायकांची टोळी चालवते. ती सज्जन नाही, आदर्श तर मुळीच नाही; पण भल्याभल्यांना घाम फोडते आणि जाम हसवते. मला हवं ते इतकंच: नुसतं झाडू मारून जाणारं नव्हे, गोष्ट हलवणारं पात्र.

नुसती ठिगळं लावलेली पात्रं असतात, हे मान्य. तो आळशी लेखनाचा दोष. आणि कांचन कोंबडीचं कौतुक करतानाही एक सल आहेच. याही सिनेमात गोवा म्हणजे कोकेन आणि टोळ्या. तिथला बँकेतला कारकून किंवा शाळामास्तर अशा भानगडीत सापडलाय, असा सिनेमा अजून माझ्या तरी बघण्यात नाही.