काकांनी फक्त ओके दाबलं

शेजारच्या काकांचा टीव्ही काल रात्री आपला आपण अपडेट झाला. आज सकाळी बातम्या लावायला गेले तर पडद्यावर नुसता मजकूर. वापराच्या अटी, गोपनीयता धोरण, 'तुमच्यासाठी खास अनुभव', अजून काय काय. खाली दोन बटणं. एक निळं, ठसठशीत: 'सर्व मान्य'. रिमोटची चौकट आधीच त्याच्यावर जाऊन बसलेली. दुसरं करड्यावर करडं: 'अधिक पर्याय'. काकांना बातम्या हव्या होत्या. पंधरा मिनिटांनी होम स्क्रीनचा वरचा अर्धा भाग व्यापून एका गाडीची जाहिरात आवाजासकट सुरू झाली, तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच, "अरे, मी काही नाही केलं. फक्त ओके दाबलं."

त्या एका ओकेत काय काय जातं हे टीव्ही विकताना कुणी सांगत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर मधल्या सेटिंग्जच्या भागावर उडी मारा. पण सेटिंग्ज बदला. आजच.

त्या मजकुरात बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर एक परवानगी दडलेली असते. तंत्राचं नाव एसीआर, म्हणजे ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन. पडद्यावर जे दिसतंय किंवा ऐकू येतंय त्याचे बारीक बारीक नमुने टीव्ही सेकंदाच्या अंशाअंशाने उचलतो, त्यांचा एक छोटा ठसा बनवतो आणि ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. तिथे लाखो कार्यक्रमांच्या आणि जाहिरातींच्या ठशांचा साठा असतो. ठसा जुळला की कळलं: या घरात हे चॅनल, हा कार्यक्रम, इतकी मिनिटं, आणि जाहिरात लागल्यावर चॅनल बदललं की नाही. गाणं ओळखणारं अॅप असतं ना फोनवर, तोच प्रकार. फरक इतकाच की तिथे बटण आपण दाबतो आणि एका गाण्यापुरतं दाबतो.

आता खरी मेख. बऱ्याच जणांना वाटतं, 'आम्ही टीव्हीतली अॅप्स वापरतच नाही, आमचा सेट-टॉप बॉक्स आहे, मग काय फरक पडतो?' पडतो. एसीआर अॅपवर चालत नाही, पडद्यावरच्या चित्रावर चालतं. ते चित्र एचडीएमआयच्या वायरीतून आलं तरी त्याला चालतं. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी 2024मध्ये सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींतून बाहेर जाणारी माहिती तपासली, तेव्हा टीव्ही निव्वळ लॅपटॉपचा मॉनिटर म्हणून जोडलेला असतानाही ठसे जात होते. म्हणजे लॅपटॉप जोडून घरातले फोटो बघा, ऑफिसचं काम बघा, जुळणी होवो न होवो, ठसा उचलला जातोच. गंमत म्हणजे नेटफ्लिक्ससारखी अॅप्स टीव्हीतच चालू असताना ही उचलाउचल दिसली नाही. मोठ्या कंपन्या एकमेकींच्या अंगणात पाय टाकत नाहीत. आपलं अंगण मात्र सगळ्यांना मोकळं.

त्याच तपासणीतली एक चांगली गोष्टही सांगतो, कारण ती कामाची आहे. परवानगी काढून घेतल्यावर ही रहदारी थांबली. तेव्हा सेटिंग्जमध्ये जाऊन उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तर सेटिंग्ज. कुठल्याही कंपनीच्या मेनूत 'एसीआर' हा शब्द सहसा सापडणार नाही. तो सापडू नये म्हणूनच प्रत्येकीने त्याचं गोंडस बारसं केलंय. सॅमसंगवर त्याचं नाव 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस'. नव्या मॉडेलांत सेटिंग्ज, ऑल सेटिंग्ज, जनरल अँड प्रायव्हसी, टर्म्स अँड प्रायव्हसी या वाटेने जा आणि टिकमार्क काढा. तिथेच खाली 'इंटरेस्ट बेस्ड अॅडव्हर्टायझिंग' असतं, तेही काढा. एलजीवर नाव 'लाइव्ह प्लस'. ऐकून वाटतं काहीतरी जास्तीचं मिळतंय. सेटिंग्ज, जनरल, सिस्टिम, अॅडिशनल सेटिंग्ज, तिथे बंद करा. शिवाय 'यूजर अॅग्रीमेंट्स' नावाची वेगळी यादी असते, त्यातही 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन'ची टिक काढावी लागते. एकच काढून लोक निर्धास्त होतात, तिथे फसतात. रोकू या अमेरिकी कंपनीच्या टीव्हीवर प्रायव्हसी, मग 'स्मार्ट टीव्ही एक्स्पिरिअन्स', त्यात 'यूज इन्फो फ्रॉम टीव्ही इनपुट्स'. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही' म्हणून वेगळीच नोंद असते, कारण ते काम दुसरीच कंपनी करते. ज्यांच्या टीव्हीत गूगलची सिस्टिम, म्हणजे गूगल टीव्ही, आहे त्यांनी प्रायव्हसीत जाऊन जाहिरातींचा आयडी डिलीट करावा.

मॉडेल आणि वर्षाप्रमाणे वाटा थोड्या हलतात. नाव लक्षात ठेवा, वाट सापडेल. आणि मोठा अपडेट आल्यावर हे सगळं पुन्हा एकदा बघा. 'मान्य' म्हणायला एक बटण आणि 'नको' म्हणायला पाच मेनू, हे चुकून होत नसतं. ठरवून फसव्या केलेल्या अशा मांडणीला हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने 2010मध्येच 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलंय.

कोणी म्हणेल, काकांनी वाचायला हवं होतं. हो का? रिमोटच्या बाणाने, एकेक ओळ सरकवत, दहा फुटांवरून, ती अक्षरं? लिहिणाऱ्या वकिलानेसुद्धा त्या पडद्यावर ती पुरती वाचली नसतील.

आणि वाचून करणार काय? 2024च्या सुरुवातीला अमेरिकेत रोकूने वादनिवारणाच्या नव्या अटी आणल्या. पडद्यावर 'मान्य' एवढाच पर्याय, तो दाबेपर्यंत विकत घेतलेलं यंत्र चालेना. असहमत असाल तर? तर कागदावर पत्र लिहून टपालाने पाठवा, तेही मुदतीत. इंटरनेटवर चालणाऱ्या यंत्राच्या कंपनीला नकार मात्र पोस्टमनच्या हातून हवा. असं असताना 'ग्राहकाने संमती दिली' म्हणायचं म्हणजे दार बाहेरून बंद करून 'पाहुणे स्वखुशीने थांबले' म्हणण्यासारखं आहे.

व्हिझिओ या अमेरिकी टीव्ही कंपनीचं प्रकरण तर जुनंच. 1 कोटी 10 लाख टीव्हींमधून बघणाऱ्यांना न विचारता सेकंदासेकंदाची माहिती गोळा केली, 2017मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यू जर्सी राज्याने पकडलं, 22 लाख डॉलर भरून मिटलं. भागाकार करून बघा, टीव्हीमागे 20 सेंट. पुढे 2024च्या डिसेंबरात वॉलमार्टने हीच कंपनी 230 कोटी डॉलरला विकत घेतली. एवढा मोठा दुकानदार टीव्हीची कंपनी निव्वळ खोक्यांसाठी घेत नाही. टीव्हीवर काय बघितलं आणि दुकानातून काय उचललं, या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवता आल्या की जाहिरातवाल्यांकडून हवे ते पैसे मागता येतात. 2025च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाने, सॅमसंग, एलजी, सोनी, हायसेन्स आणि टीसीएल या पाचही कंपन्यांवर एसीआरवरूनच दावे लावले आहेत. काय व्हायचं ते होईल. तोवर काकांचं ओके दाबलेलंच आहे.

मान्य आहे, याच कमाईमुळे टीव्ही स्वस्त झालेत. पण मग खोक्यावर तसं छापा ना! 'अमुक इंच, फोरके, आणि हो, आम्हीही तुमच्यासोबत बघणार.' पाहू किती जण घेतात ते.

आता जरा थंड डोक्याने, त्या जाहिरातीबद्दल. ती नुसती डोळ्यांना खुपते असं नाही, ती टीव्ही खाते. मधल्या आणि खालच्या किमतीच्या टीव्हींत साधारण 8 जीबी स्टोरेज आणि 1 ते 2 जीबी रॅम असते. स्टोरेजचा मोठा हिस्सा सिस्टिमच अडवते. उरल्यात तुमची अॅप्स, त्यांचा कॅशे, म्हणजे त्यांनी साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, आणि अपडेटसाठी लागणारी मोकळी जागा. त्यावर होम स्क्रीन उघडल्या उघडल्या व्हिडिओ जाहिरात, पोस्टरांच्या सरकत्या रांगा, प्रत्येक रांगेसाठी नेटवरून चित्रं. टीव्ही घेतला तेव्हा होम स्क्रीन हलकी होती, चिप तेवढीच आहे, ओझं मात्र दर अपडेटला वाढतंय. मग रिमोट दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, आपण पुन्हा दाबतो, आणि दोन्ही दाबणी एकदम लागू होऊन भलतंच उघडतं. काकांना वाटत होतं रिमोटचे सेल गेले. या वर्षात दोनदा बदललेत त्यांनी. पॅनेल दहा वर्षं सहज टिकतं हो. म्हातारी होते ती आतली चिप, आणि तिला अकाली म्हातारी करतो हा असला भार.

यावर तात्पुरते उपाय आहेत. न वापरातली अॅप्स काढा. प्रत्येक अॅपचा कॅशे साफ करा, डेटा नको, नाहीतर पुन्हा लॉगिन करत बसाल. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर झोपलेला असतो. महिन्यातून एकदा भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबा, मेमरी खऱ्या अर्थाने रिकामी होते. 'क्विक स्टार्ट'सारखं काही चालू असेल तर बंद करा. टीव्ही सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल, पण ताजा सुरू होईल. गूगल टीव्हीवर अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये 'अॅप्स ओन्ली मोड' असतो, त्याने शिफारशींच्या रांगा जातात. वरची मोठी पट्टी त्यानेही पुरती जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सॅमसंगवर 'ऑटोरन स्मार्ट हब' बंद केलं की टीव्ही होम स्क्रीनऐवजी शेवटच्या इनपुटवर उघडतो. घरात म्हातारी माणसं असतील तर एवढं एक तरी करून द्याच.

आणि जालीम उपाय हवा असेल तर टीव्हीचं नेटच काढा. सगळं बघणं सेट-टॉप बॉक्सवरून किंवा बाहेरून जोडलेल्या स्ट्रीमिंगच्या स्टिकवरून होत असेल तर टीव्हीला वायफाय कशाला? नुसतं डिस्कनेक्ट करू नका, नेटवर्क 'फर्गेट' करा, नाहीतर पुढच्या वेळी गुपचूप जोडलं जातं. लॅनची केबल असेल तर तीही काढा. जुन्या जाहिरातींची चित्रं तरीही चिकटून राहिली तर फॅक्टरी रिसेट. त्याआधी चित्राच्या सेटिंग्जचे फोनने फोटो काढा, कारण ब्राइटनेसपासून आवाजापर्यंत सगळं पुसलं जातं. रिसेटनंतर वायफाय विचारेल तेव्हा 'स्किप'. गूगल टीव्ही असेल तर सुरुवातीलाच 'बेसिक टीव्ही' हा पर्याय येतो, तो घ्या, मग ना अॅप्स ना होम स्क्रीनचा तमाशा. अपडेट सुरक्षेसाठी लागतात हे खरं आहे, पण जे यंत्र नेटवरच नाही त्यावर नेटवरून कोण हल्ला करणार? चित्रात किंवा एचडीएमआयमध्ये दोष असेल तर कंपनीच्या साइटवरून फर्मवेअरची, म्हणजे टीव्हीच्या आतल्या सॉफ्टवेअरची, फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन यूएसबीने टाकता येते.

हो, बाहेरची स्टिकही जाहिराती दाखवते. ठाऊक आहे. पण ती खराब झाली, संथ झाली, डोक्यात गेली, तर ती काढून दुसरी लावता येते. टीव्ही कोण भिंतीवरून उतरवत बसणार?

स्ट्रीमिंगवाल्यांचं काय सांगू, त्यांची जातकुळी हीच. जाहिरात नको म्हणून वर्गणी भरायची, आणि 2024च्या जानेवारीत अमेरिकेत प्राइम व्हिडिओने केलं तसं भरलेल्या वर्गणीतच जाहिराती सुरू करायच्या, नको असतील तर वर आणखी भरा. 'बाय', म्हणजे 'विकत घ्या', दाबून घेतलेला सिनेमा उद्या गायब होऊ शकतो, कारण घेतला तो निव्वळ परवाना. कॅलिफोर्नियाने निदान 1 जानेवारी 2025पासून ते बटणाजवळ स्पष्ट सांगायला लावलंय. सौदा झाल्यावर सौद्याच्या अटी बदलायच्या. भाजीवाल्याने केलं असतं तर आपण चार माणसं गोळा केली असती.

काकांचा टीव्ही संध्याकाळी नेटवरून काढला. परवानग्या काढल्या, रिसेट मारला, सुरुवात थेट सेट-टॉप बॉक्सवर. 'अधिक पर्याय'च्या आत एकूण सात टिकमार्क निघाले. काकांनी स्वतः मोजले, दर वेळी मोठ्याने. बातम्या लगेच लागल्या. रिमोट पहिल्या दाबाला ऐकतोय म्हणून त्यांनी उगाचच चार वेळा चॅनल बदलून पाहिलं.

मग कोपऱ्यात एक चौकोन आला. 'तुमचा टीव्ही इंटरनेटशी जोडलेला नाही.' निळं बटण, 'आता जोडा'. करडं बटण, 'नंतर'. तिसरं बटण नाही. काकांनी चष्मा लावला, बाण उजवीकडे नेला, आमच्याकडे एकदा बघून खात्री केली आणि मग ओके दाबलं.