कूलर बंद करा, कोर्टाचा सीन आहे

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. साडेआठला टीव्ही लावला, नऊला बंद केला आणि पानं घेतली, याला आता मालिका पाहणं म्हणत नाहीत. ते आपल्या आयाबाया करत होत्या, दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याजवळ उभ्या राहून दोन शब्द बोलल्या की विषय क्लोज. तुम्ही कट्टर फॅन आहात. मालिका चालते अर्धा तास जाहिराती धरून, आणि उरलेला दिवस ती तुम्हाला मोबाईलवर चालवायची आहे, तीन-चार ग्रुपवर, दोन फॅनपेजवर आणि घरच्या व्हॉट्सॲपवर, जिथे भाचा एमआयडीसीतल्या सेकंड शिफ्टमधून विचारते की मामी आज काय झालं, आणि तुम्ही लिहिता की काहीच नाही झालं बाप्पा, कालच्यासारखंच, आणि मग त्या काहीच-नाही-झालंवर सव्वा पानाचा मेसेज टाकता.

पुरुष असाल तर सुरुवातीलाच एक वाक्य पाठ करून ठेवा: "मी नाही पाहत, बायको लावते, मी असाच बसलो असतो." हे वाक्य टाकल्यावर मग खुशाल सांगा की चौथ्या भागात आत्याबाईंनी जी किल्ली लपवली होती ती अजून कोणी शोधली कशी नाही.

आता गुरुवार पाळायला लागा. उपवास ज्याला करायचा तो करो, आपला गुरुवार टीआरपीचा, म्हणजे कोणती मालिका किती पाहिली गेली त्या आकड्यांचा. बार्क नावाची संस्था शनिवार ते शुक्रवारचा हिशोब लावून पुढच्या गुरुवारी आकडे सोडते, भाषेनुसार वरचे पाच कार्यक्रम. तुम्ही पाचावर भागवू नका, तुमच्याकडे वीस मालिकांची यादी आली पाह्यजे, दशांश चिन्हासकट, ती कोणी बनवली, कुठून आली हे विचारायचं नाही, पुढे ढकलायची. तुमची मालिका वर असली तर मायबाप प्रेक्षकांचं प्रेम. खाली असली तर घोटाळा, आणि पुरावा मागितला तर सांगायचं की ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचं प्रकरण बाहेर काढलं होतं की नाही? त्यात तुमच्या मालिकेचा काय संबंध असं कोणी म्हटलं तर त्याला विचारा, तू कोणत्या चॅनेलचा माणूस आहे बे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो पण ग्रुपवर टाकू नका, लोकांचा मूड जाते. देशात टीव्ही असलेली घरं २० कोटींच्या वर आहेत आणि ही टीआरपी मोजायचं मीटर लागलेली घरं काही हजार, लाखभर पण नाहीत. त्यात तुमचं घर नाही. असतं तर ते कोणाला सांगायचं नसते, आणि तुमच्या पोटात इतकी मोठी गोष्ट राहिली असती तर तुम्ही फॅन झालेच नसते. आणि हे मीटर काय करते, तर ऐकते. कार्यक्रमाच्या आवाजात एक खूण पेरलेली असते, माणसाच्या कानाला समजत नाही, मीटरला समजते, त्यावरून कोणतं चॅनेल चालू आहे ते कळते. समोरचा माणूस डोळे पुसून राहिला की चप्पल उगारून राहिला याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

आता मे महिना घ्या. दिवसा पंचेचाळीस अंश झालेले, रात्री साडेआठला पण भिंतीला हात लावला तर गरम, कूलर खिडकीत असा घोंघावून राहिला की नायिका साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून नेमकं काय बोलून राहिली ते ऐकू येत नाही, तुम्ही आवाज वाढवत वाढवत शेवटच्या दांडीपर्यंत नेता, शेजारच्या काकू त्यांच्या टीव्हीचा आवाज बंद करून तुमचाच ऐकायला लागतात, आणि शेवटी तुम्ही ओरडता, कूलर बंद करा, कोर्टाचा सीन आहे! सासरे काही बोलत नाहीत, बनियनवर बसल्या बसल्या ओल्या दुपट्ट्याने मान पुसतात. साक्षीदार येते. तोंड उघडते. मग त्याचा चेहरा डावीकडून, उजवीकडून, समोरून, घरातल्या प्रत्येकाचा चेहरा एकेकदा, वकिलाचा दोनदा, ढण् ढण् ढण्, पाहा पुढील भागात. करा कूलर चालू. एवढा घाम गाळला आणि त्याची नोंद कुठंच नाही. आणि जे आपल्या नागपुरात लोकमान्य नगरपासून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत मोबाईलवर भाग पाहून "चला मित्रांनो आपल्या मालिकेची टीआरपी वाढवू" असं लिहून राहिले त्यांचं तर विचारूच नका, टीव्हीच्या आकड्यात मोबाईल धरतच नाहीत. पण तुम्ही लिहीत राहा. "बंद करा ही मालिका" हे पण रोज लिहा, फक्त भाग पूर्ण पाहून लिहा, म्हणजे चुका नेमक्या सांगता येतात.

विषय निघाला म्हणून, आपल्या नागपूरवाल्यांना एक स्पेशल सवलत आहे, आपल्याला दोन्ही बाजूंनी चिडता येते. २०१६ ला झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' आली, त्यातली राधिका नागपूरची, आणि ती करणारी अनिता दाते नाशिकची. झालं, साडेचार वर्षांची सोय लागली. ती नागपुरी बोलली की लिहायचं, "आम्ही असं बोलत नाही, धरमपेठेत कोण बोलते असं, आमची टिंगल करून राहिले हे मुंबईवाले," आणि हे टाईप करता करता आत आवाज द्यायचा, "काऊन वो, चहा मांडून राहिली का नाही?" दुसऱ्या मालिकेत विदर्भाचं कोणीच नसलं तर अन्याय, अनुशेष. अनुशेष शब्द सोडू नका, तो सिंचनाला चालते तसा सिरीयलला पण चालते. १९५३ च्या नागपूर करारात आपल्याला विधिमंडळाचं अधिवेशन मिळालं, प्राईम टाईम कुठे मिळाला, असं टाका, हमखास शंभर लाईक. कोणी म्हणेल की मालिकेतला विदर्भाचा माणूस नेहमी स्वयंपाकी नाहीतर भोळसट भाऊच काऊन असते, हा खरंच चांगला प्रश्न आहे, म्हणूनच तिथे थांबू नका, लगेच सावजी मटणावर या.

आणि कोणी आपला जिंकला तर मात्र सगळे अंतर मिटवून टाकायचे. २०१९ ला 'बिग बॉस मराठी'चा दुसरा सीझन अमरावतीच्या शिव ठाकरेनं जिंकला तेव्हा अख्खं नागपूर "आपला पोट्टा" म्हणून राहिलं होतं. एरवी अमरावतीची सोयरीक आली तर आपण म्हणतो, जरा लांब पडते.

कलाकार बदलला तर काय करायचं, हा फॅनच्या आयुष्यातला मोठा प्रसंग. 'माझ्या नवऱ्याची बायको'त राधिकाच्या नवऱ्याची मैत्रीण शनाया आधी रसिका सुनील होती, २०१८ ला ईशा केसकर आली, २०२० ला परत रसिका सुनील. राधिकाच्या सासरी, सुभेदारांच्या घरात कोणी विचारलं नाही की बाई तुझं तोंड कसं काय बदललं, पण तुम्ही घरातले नाही, तुम्ही फॅन आहात, तुम्हाला विचारावंच लागते. नवीन आली त्या रात्री लिहायचं, जुनी ती जुनी, हिला जमत नाही. थोड्या दिवसांनी हळूच, ही पण बरी करून राहिली. आणि जुनी परत आली की, आत्ता कुठे हिची सवय झाली होती ना! जानेवारी २०२५ मध्ये 'प्रेमाची गोष्ट'मध्ये तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे मुक्ता झाली तेव्हा "आजपासून पाहणं बंद" असं जाहीर करणाऱ्यांची रांग लागली होती. तुम्हीही जाहीर करा. आणि त्यानंतर रोज रात्री तिथेच येऊन सांगा की तुम्ही न पाहिलेला आजचा भाग किती वाईट होता.

कॉपीचा वाद आला तर अंगावर घ्या, यात कष्ट कमी आहेत. 'अनुपमा'ने आमच्या 'आई कुठे काय करते'ची कॉपी केली, हे मोठ्या अक्षरात लिहा, तारखा तुमच्या बाजूने आहेत, मराठी डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, हिंदी जुलै २०२० ला. दोन-तीन दिवस छान जातात, मराठी अस्मिता वगैरे सगळं येते त्यात. मग कोणीतरी सोज्वळ माणूस येऊन सांगते की दोन्ही मालिका 'श्रीमोयी' नावाच्या बंगाली मालिकेवरून घेतल्या आहेत. अशा माणसाला ॲडमिनला सांगून काढून टाका. वाद मिटवणारा माणूस ग्रुपवर कामाचा नाही.

घरातला शत्रू वेगळा असते. बेंगळुरूहून सुट्टीत आलेली पुतणी सोफ्यावर पाय वर घेऊन बसते आणि म्हणते, काकू, मी फक्त कोरियन पाहते, सोळा भागांत संपते. तिला प्रेमाने सांगा की बेटा, सोळा भागांत आमच्याकडे हळद पण लागत नाही. ती हसेल. हसू द्या. चौथ्या दिवशी तीच विचारेल की खरी मुलगी कोण हे आपल्याला पहिल्या आठवड्यात समजलं तर त्या घरच्या लोकांना अजून काऊन नाही समजलं, आणि मग तिला ग्रुपमध्ये ॲड करायची.

पैसे भरून ॲपवर टीव्हीच्या आधीच भाग पाहणारे जे आहेत त्यांच्यापासून सांभाळून राहा, किंवा सरळ त्यांच्यात जा. त्यांची मजा भाग पाहण्यात नाही, तुमच्या आधी पाहण्यात आहे. सकाळी तुम्ही डब्याची पोळी लाटून राहिले असता तेव्हा मेसेज येते, "आज रात्री रुमाल जवळ ठेवा." कोण मेलं हे सांगत नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा. तुम्ही दिवसभर आपल्या मनाने एकेकाला मारून पाहता. रात्री समजते की तुळस वाळली.

खलनायिकेशी वागायची पण एक पद्धत ठरलेली आहे. ती बाई शूटिंग करते, पैसे घेते, घरी जाते, स्वतःच्या आईच्या वाढदिवसाचा फोटो टाकते. तुम्ही त्याखाली लिहायचं, "आधी त्या लेकराला विष देणं थांबव, मग केक काप." पन्नास जण खाली "बरोबर" म्हणतील. आईच्या फोटोवर कशाला असं कोणी म्हटलं तर सांगा, ही तिच्या अभिनयाला दाद आहे. तिची आई ते वाचत असेल, हे मनात आलं तर फोन उलटा ठेवा थोडा वेळ, जाते मनातून.

लेखकाचं काय करायचं यावर आमच्याकडे एक सूचना आली होती. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठाले पुतळे, सोबत बडगे निघतात, ते पण पुतळेच, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्याच्यावर त्या वर्षी गावाचा राग असेल त्याचा, आणि घेऊन जा गे मारबत म्हणत सगळी इडापिडा गावाबाहेर नेतात. तर यंदा मालिकेच्या लेखकाचा बडग्या काढावा. सूचना एकमताने पास झाली, बांबू कोण देणार, कागद कोण देणार ते पण ठरलं, हातात लॅपटॉप द्यायचा की जुन्या पद्धतीने पेन यावर दोन गट पडून रात्री दीडपर्यंत भांडण झालं. बडग्या काही निघाला नाही, कारण मिरवणूक दुपारी असते आणि दुपारी कालचा भाग रिपीट लागते, आदल्या रात्री पाहुणे आल्याने अर्ध्या बायकांचा तो पाहायचा राहिला होता, तो सोडून महाल भागातल्या गर्दीत कोण जाईल.

शेवटी एक दिवस मालिका संपते. वेळ बदलतात आधी, साडेआठची सहाला नेतात, तेव्हाच समजून घ्यायचं. तुम्ही इतके दिवस बंद करा, बंद करा म्हणून राहिले होते, आता लिहायचं, "का बंद केली? आमच्या भावनांशी खेळ." सह्यांची मोहीम काढा. शेवटच्या भागात सगळे पापी एका रांगेत हात जोडून माफी मागतात, एक-दोन वर्षांचं कारस्थान सात मिनिटांत उलगडते, त्यावर "गुंडाळली!" असं लिहा, ते खरंच असते. मग आठवडाभर कोणाशी नीट बोलू नका.

तोवर त्या वेळेच्या नवीन मालिकेचा प्रोमो आलेला असते. पहिल्याच तासात खाली जाऊन लिहून टाका की ही साऊथची कॉपी आहे, हिरोईन शोभत नाही, सासू तीच जुनी, आम्ही नाही पाहणार. आणि त्याच्याच खाली दुसरा मेसेज: सोमवारपासूनच आहे ना? रविवारी महाएपिसोड असते का?