साडेसहा वाजले, लंडन कुठाय?

मुंबई ते लंडन अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, विमानाने साडेनऊ तास. सर्च केलं की एवढंच येतं. त्यात पुण्याहून विमानतळापर्यंतचे दीडशे किलोमीटर धरलेले नसतात, जे मी खंडाळ्याच्या घाटात एका कंटेनरच्या मागच्या नंबरप्लेटकडे बघत पाच तासांत पार केले. आणि शेजारी कोण येणार हेही नसतं.

शेजारी खिडकीत काका. सांगलीचे, एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर, मुलाकडे निघालेले. मी मधल्या सीटवर, कारण कडेच्या सीटचे वेगळे पैसे मागत होते (तिकीट काढल्यावर बसायचे पैसे वेगळे, उद्या उतरायचेही घेतील).

काकांचा हिशोब तिकिटावर पक्का होता. सुटणार दीडला, पोचणार साडेसहाला, म्हणजे पाच तास. मी म्हटलं काका, ती तिकडची वेळ, उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं. "ताई, सांगलीत सुटलेली गाडी स्वारगेटला त्याच घड्याळानं लागते. चौतीस वर्षं हेच केलंय."

मनगटावर साडेसहा वाजले आणि समोरच्या स्क्रीनवर साडेतीन हजार किलोमीटर बाकी दिसले, तेव्हा त्यांनी गाडी 'लेट' घोषित केली. मग मला डुलकी लागली की कोपराने ढोसायचं, "ताई, ३,२०० राहिलं." परत डोळा लागतोय तोवर, "२,९००. ह्यो ड्रायव्हर ओढतच न्हाई." स्पीड ८०० च्या आसपास होता. मी सांगितलं की इतक्या उंचीवर जेट स्ट्रीम असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून, म्हणून येताना तास-पाऊण तास कमी लागतो.

काका गप्प झाले. मला वाटलं सुटले.

"मग येताना तिकीट कमी का न्हाई?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझं येतानाचं तिकीट जातानाच्यापेक्षा महाग पडलंय आणि ते अजून डोक्यात आहे. डिझेल कमी, तास कमी, पैसे जास्त. एसटीने असं केलं असतं तर लोकांनी काचा फोडल्या असत्या.

ह्या सगळ्या वैतागात मला खरंच गाढ झोप लागली. उठले तर सगळीकडे रिकामे ट्रे आणि काकांसमोर दोन. "तुम्ही झोपला होता, म्हटलं कशाला उठवायचं." दर तीनशे किलोमीटरला उठवणारा माणूस! पनीर होतं म्हणे, जरा अळणी.

लंडनवर पोचल्यावर विमान खाली उतरेना, गोल गोल फिरत बसलं, इथे गर्दीच्या वेळी हे नेहमीचंच. पहिल्यांदाच काका पायलटच्या बाजूने बोलले. "फलाट रिकामा नसंल."

उतरायच्या रांगेत त्यांनी डायरी काढली, आगमनाची वेळ टाकली, पुढे 'विलंब' लिहून मनगटावरच्या घड्याळाने पावणेपाच तास लावले आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मागे लोक ढकलत होते, केली सही. माझ्याच पेनने.

पेन काकांच्या खिशाला लागून इमिग्रेशनच्या दुसऱ्या रांगेत गेलं.