चतुराच्या एका पायात 30 कोटी वर्षं मावत नाहीत

रोवणी आटोपून धान हिरवं झालं की आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात बांध्यांवर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. यंदा त्यांच्यासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेजही फिरतोय. त्याचं म्हणणं असं: चतुराचा एक पाय घ्या, त्यातला मायटोकाँड्रियल डीएनए वाचा, त्याची 30 कोटी वर्षांची पूर्ण वंशावळ हाती येते. हा डीएनए कधी चुकत नाही. पंख आणि रंग बघत बसणाऱ्यांचे दिवस संपले. आणि चतुर तेव्हापासून जसाच्या तसा आहे. मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून तिघांनी तो मला पाठवून विचारलं, ‘मॅडम, खरं हाय का?’

पायापुरतं खरं आहे. तपासणीला एक पाय पुरतो.

आता ‘पूर्ण वंशावळ’. पेशीतल्या मायटोकाँड्रियाला (शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका) स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यात 37 जनुकं, साधारण 15-16 हजार अक्षरं, आणि तो येतो आईकडून. आमच्याकडे भाट वही घेऊन येतो, तिच्यात बाप, आजा, पणजा; लेकीसुना शोधूनही सापडत नाहीत. ही वही नेमकी उलटी: आई, आजी, पणजी. (मला आवडते, कबूल करते.) पण एवढ्यावर अख्ख्या भावकीचा हिशेब मांडता येत नाही. स्पेनमध्ये टाचण्यांच्या (चतुरांच्या सडपातळ नातलगांच्या) दोन जातींचा संकर नोंदला गेलाय. अशा पिल्लाच्या या वहीत बापाच्या जातीचा मागमूसही नसतो.

शिवाय किड्यांमध्ये ही अक्षरं केंद्रकातल्या डीएनएपेक्षा सहसा लवकर बदलतात. जवळची नाती बघायला ते फार सोयीचं. बांध्यांवरचे ते थवे बहुतेक पँटाला फ्लाव्हेसेन्सचे, समुद्र ओलांडणाऱ्या चतुराचे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या खंडांतल्या या चतुरांचं एक मायटोकाँड्रियल जनुक ताडून पाहिलं, तर खंडाखंडांत वेगळी घराणी दिसलीच नाहीत. जुन्या नात्यांत मात्र हीच चपळाई नडते. पाटीवर एकाच जागी लिहून, पुसून, पुन्हा लिहीत राहिलं की पहिलं अक्षर कोणतं होतं ते कळत नाही. म्हणूनच एखाद-दुसऱ्या मायटोकाँड्रियल जनुकावर बेतलेल्या काही जुन्या अभ्यासांत टाचण्यांचा गटच फुटला, त्यातल्या काही चतुरांच्या जवळच्या ठरल्या. केंद्रकातली पुष्कळ जनुकं तपासली तेव्हा सगळ्या टाचण्या पुन्हा एका घरात आल्या.

30 कोटी वर्षांपूर्वीचा डीएनए तर कुणी वाचलेलाच नाही. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलँडचा, सुमारे 20 लाख वर्षांचा. आणि ‘जसाच्या तसा’? त्या काळच्या मेगॅन्यूराचे पंख टोकापासून टोकापर्यंत 65 सेंटिमीटरच्या आसपास भरायचे, आणि तो आजच्या चतुरांच्या गटातलाही नव्हे, दूरचा नातलग.

‘कधी चुकत नाही’ हेही खोटं. मायटोकाँड्रियल डीएनएचे तुकडे कधीकाळी केंद्रकात जाऊन बसलेले असतात. यंत्रानं खऱ्याऐवजी अशी नक्कल वाचली, तर नसलेली जात कागदावर जन्माला येते.

राहिलं रंगरूप. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं धुऱ्यावरून दोन चतुर आणले. एकाच्या पंखांचा बुडखा काळाभोर, त्याला लागून पांढरा पट्टा. दुसरा पिवळसर, तपकिरी डागांचा. ‘मॅडम, दोन जाती.’ दोन्ही न्यूरोथेमिस टुलिया, एक नर, एक मादी. इथे डीएनए खरोखर कामाला येतो, नुसत्या रंगावर गेलं तर फसायला होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बोडीतून बाटलीभर पाणी आणलं. तळाशी चिखलाच्या रंगाची, बिनपंखाची अळी, म्हणजे चतुराचं पिल्लू. ती कोणत्या जातीची, हे नुसतं बघून मलाही सांगता येईना. तिच्या डीएनएवरून जात कळते, हे मेसेजवाल्याला मी आनंदानं देऊन टाकते. फक्त ताडून बघायला आधी नाव लावलेल्या एखाद्या प्रौढ चतुराचा डीएनए लागतो, आणि ते नाव कुणीतरी भिंग लावून, पंखांवरच्या शिरा मोजून लिहिलेलं असतं.