विडी कामगारांच्या वस्त्या, ख्रिस्ती संस्था आणि एक फिरता संदेश

सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. विडी कामगारांच्या वस्त्यांत काम करणाऱ्या ख्रिस्ती सेवाभावी संस्था गरिबी हटवण्याच्या नावाखाली धर्मांतर घडवतात, त्यांच्या परदेशी पैशाला हिशेब नसतो आणि फुकट मिळत गेल्याने माणसे आळशी होतात, असा त्याचा आशय आहे. मी ख्रिस्ती नाही. मात्र अशाच एका संस्थेने उभ्या केलेल्या बचत गटांच्या वह्या मी काही काळ तपासून दिल्या आहेत.

आळसाचा आरोप आधी घेतो, कारण तोच सर्वांत अज्ञानातून आला आहे. हजार विड्या वळायला सराईत बाईलाही अख्खा दिवस लागतो. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायची, वळून दोऱ्याने बांधायचे आणि माल कारखान्यात पोचवायचा. तिथे जी विडी 'छाट' म्हणून बाजूला पडते तिची मजुरी बुडते, आणि पाने कमी पडली तर ती पदरच्या पैशाने आणावी लागतात. या घरांना खाली ओढते ते आजारपण आणि त्यासाठी काढलेले कर्ज. गल्लीतला सावकार महिन्याला शेकडा दहाने पैसे देतो, गटात तेच शेकडा दोनने मिळतात, आणि ते पैसे बायकांच्या स्वतःच्या बचतीचे असतात. एका वहीत एका नावापुढे 'शिलाई मशीन, 6,000' एवढीच नोंद होती आणि पुढच्या 14 रकान्यांत हप्ते. त्यातला एकही चुकलेला नव्हता. संस्थेने दिले होते ते वही कशी ठेवायची याचे शिक्षण आणि बँकेत खाते उघडताना सोबत येणारा एक माणूस. यात फुकट काय आहे, ते संदेश लिहिणाऱ्याने दाखवावे.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात सांगता येते. असा पैसा घेणाऱ्या संस्थेला 2010 च्या परकीय योगदान विनियमन कायद्याखाली गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच जमा होतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे आणि दुसऱ्या संस्थेला तो वळता करता येत नाही. वार्षिक विवरणपत्र द्यावे लागते ते वेगळेच. नियम मोडणाऱ्या संस्था असतात, तशा त्या सर्व धर्मांत असतात. पण 'हिशेबच नसतो' हे विधान सरळ चूक आहे.

धर्मांतराचा आरोप गंभीर आहे, म्हणून आकडे पाहावेत. जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 2001 मध्ये 1.09 टक्के होती, ती 2011 मध्ये 0.96 टक्के झाली. हे संपूर्ण राज्याचे आकडे आहेत आणि त्यांवरून प्रत्येक वस्तीतील घडामोड कळत नाही, हे मान्य. तरी लोंढ्याने धर्मांतर होत असल्याचे चित्र त्यांत बसत नाही. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती होणारे दलित कुटुंब अनुसूचित जातीचे आरक्षण गमावते, आणि ज्या कुटुंबाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा आधार आहे त्याला तांदळाच्या पोत्यापायी हा सौदा परवडणारा नाही.

मिशनऱ्यांचा इतिहास मात्र मी धुऊन काढणार नाही. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणात जी वसाहत चालवली गेली, तिच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेचाही हात होता. ते कुंपण स्वातंत्र्यानंतर हटले, पण 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या बोलण्यातून अजून गेलेले नाही. संदेश लिहिणाऱ्याला हा खरा मुद्दा ठाऊकच नसावा.

एका बाबतीत आक्षेप घेणाऱ्यांशी माझे मत जुळते. मुलांच्या शिकवणीआधी प्रार्थना होत असेल आणि शिकवणीसाठी तिला बसावेच लागत असेल, तर ती अट ठरते, मग कोणी तोंडाने तसे म्हणो वा न म्हणो. मी वह्या तपासत असताना त्या संस्थेकडे हे लेखी कळवले होते. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा खोलीच्या दारावर खडूने दोन वेळा लिहिलेल्या होत्या: प्रार्थना सहा वाजता, शिकवणी साडेसहाला. साडेसहाला आत 20 पोरे होती. सहाला किती होती, ते मी विचारले नाही.