तिकीट कुणाला परवडत नाही आणि पास कुणाला मिळतो

आमच्या हौशी फुटबॉल क्लबाच्या खजिनदारानं विषय काढायला नको होता. अंतिम सामन्याचं तिकीट यंदा थोडं वाढवावं लागेल, असं तो बोलता बोलता म्हणून गेला, आणि कट्ट्यावरचे सगळे आधीच कावलेले. एकाच्या कारखान्यात पाळ्या कमी झालेल्या, दुसऱ्याचा पगार तुकड्या-तुकड्यांनी येतोय, तिसऱ्याचा येतच नाही. अप्पा तर दोन महिने घरीच आहेत. ते लगेच उसळले.

"पोरांना तुम्ही दमडी देत नाही. ती हौसेनं खेळतात, आम्ही हौसेनं बघतो. मग मधे तिकीट कुठून आलं?"

"अप्पा, खेळाडूला पैसे दिले नाहीत म्हणून चेंडू फुकट मिळत नाहीत," खजिनदार म्हणाला. हा माणूस तसा शांत, पण हिशोबाला हात लावला की तडकतो. "मैदानाचं भाडं आहे. पंचांचं मानधन आहे. रुग्णवाहिका दारात उभी ठेवावी लागते, ती उभी राहायचेच पैसे घेते. विमा, दिवे, बाहेरच्या संघाचा प्रवास. हे सगळं वर्षभरात वाढलं, आणि जाहिरात देणारे निम्मे गळाले. मंदी फक्त प्रेक्षकांना लागते का? आम्हालाही लागलीय."

एवढ्यावर विषय मिटला असता. पण धाकट्या तिथेच बसला होता, तो स्वतः डाव्या बगलेवरून खेळतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर जगभराचं वाचत असतो.

"भाऊ, तुम्ही आत्ता जे मोजलंत, त्यातलं काय काय माणसं वाढली की वाढतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाचशे आले काय आणि पन्नास आले काय, पंच तेवढेच घेणार ना? रुग्णवाहिका तेवढीच. दिवे तेवढेच. मग पायऱ्या रिकाम्या असताना परवडत नाही म्हणून बाहेर राहिलेला प्रत्येक माणूस म्हणजे आपलाच तोटा. त्यानं दिले असते ते थोडेफारही गेले."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता. खजिनदाराला नाही. त्याचं म्हणणं असं की दर निम्मा केला तर माणसं दुप्पट यायला हवीत, तेव्हा कुठे आहे तिथेच राहू. आणि जे आज पूर्ण पैसे देऊन येतात तेही त्या दिवसापासून निम्मेच देणार. नव्यांचे मिळायच्या आधी जुन्यांचे गेले. "बरं, एकदा उतरवलेला दर पुढच्या वर्षी वाढवून दाखव. हेच अप्पा पहिले ओरडतील." यावर अप्पांसकट सगळे हसले. खरं होतं ते.

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते गप्प असले की समजायचं, काहीतरी जुनं बाहेर येणार.

"१८८५ साली इंग्लंडात प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबानं बायकांना प्रवेश फुकट ठेवला होता," ते म्हणाले. "दोन हजार बायका आल्या, असं सांगतात. त्या काळात क्लबांची समजूत अशी की बायका काय, दहा-वीस येतील, शोभा वाढेल. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती सवलत बहुतेक क्लबांनी गुंडाळून टाकली."

"बघा!" खजिनदाराला आयतंच सापडलं. "फुकट ठेवलं की असं होतं."

"अरे, तू उलटं वाचतोयस," मास्तर म्हणाले. "बघायला यायची इच्छा दोन हजार जणींना होती, आणि ती दारावरच्या दरामागे दडली होती, एवढंच त्यातून कळतं. आता त्याच प्रेस्टनची पुढची गोष्ट ऐक. पहिल्या महायुद्धात तिथल्या डिक, कर कंपनीच्या कारखान्यातल्या मुलींनी संघ काढला. सगळ्या कामगार मुली. सामन्यामागे दहा शिलिंग मिळायचे, तेही बुडालेल्या मजुरीपोटी. १९२० च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला. ५३ हजार माणसं आत, आणि हजारो बाहेर, जागा नाही म्हणून. युद्ध संपलेलं, सैन्यातून परतलेली माणसं बेकार हिंडतायत, आणि त्याच दिवसांत ही गर्दी. गेटवर ३,११५ पौंड जमले, ते गेले बेकार माजी सैनिकांसाठी."

"म्हणजे मंदीतही लोक पैसे देतात," खजिनदार.

"देतात. पैसा कुठे जाणार हे माहीत असलं तर देतात. पुढच्याच वर्षी कोळसा खाणी बंद पडल्या, खाणकामगारांच्या घरी चूल पेटेना, तेव्हा या मुलींचे संघ त्यांच्यासाठीही खेळले. अमेरिकेतही तेच. आर्मी आणि नेव्ही या दोन सैनिकी महाविद्यालयांचं त्यांच्या अमेरिकन फुटबॉलवरून भांडण झालेलं, १९२८ आणि १९२९ साली सामनाच झाला नाही. १९३० ची मंदी आली आणि बेकारांच्या मदतीसाठी दोघे न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर एकमेकांसमोर उभे राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा. आता तू सांग, आपल्या गेटवरचा पैसा कुठे जातो हे तू कधी फळ्यावर लिहून लावलंस?"

खजिनदार म्हणाला, हिशोब वार्षिक सभेत असतो, कुणीही यावं. वार्षिक सभेला किती माणसं येतात ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

इथे मास्तरांच्या गोष्टीचं एक शेपूट सांगायला हवं, त्यांनी ते सोडलं. १९२१ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं मुलींच्या सामन्यांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली. हा खेळ बायकांना शोभत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे जमलेल्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो आणि धर्मादायाला कमी उरतो, अशी तक्रार. हौशी खेळाच्या गल्ल्यावर बोट ठेवलं की कुणालाही गप्प करता येतं, हे तेव्हापासून चालत आलंय. बंदी पुढे जवळजवळ पन्नास वर्षं टिकली.

अप्पांनी मात्र भलताच धागा पकडला. "त्या काळी दुसरं होतं काय बघायला? आज घरबसल्या जगातला सगळ्यात भारी सामना दिसतो. मग आपल्या पोरांचा तिरका पास बघायला मी पैसे कशाला मोजू?"

धाकट्याला ते लागलं असावं. पण बोलला तो नीट. "अप्पा, १९५१ साली वेम्बलीवर हौशी संघांच्या चषकाचा अंतिम सामना झाला, पेगासस आणि बिशप ऑकलंड. एक लाख प्रेक्षक होते. तो चषक १९७४ साली बंद पडला, कारण हौशी आणि धंदेवाईक हा भेदच त्यांनी काढून टाकला. पण आयर्लंडात बघा. तिथले देशी खेळ, गेलिक फुटबॉल आणि काठीनं खेळायचं हर्लिंग, यांचे मोठ्यातले मोठे खेळाडूसुद्धा आजही पगार घेत नाहीत. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी. आणि डब्लिनचं क्रोक पार्क ८२ हजारांचं, अंतिम सामन्याला भरतं. कारण आत खेळणारा आपल्या परगण्याचा असतो."

"आणि तिकीट?" खजिनदारानं विचारलं.

धाकट्या जरा अडखळला. "२०१९ साली अंतिम सामन्याचं ८० युरोंवरून ९० केलं."

"वा! फुकट खेळणारी पोरं, आणि ९० युरो!" अप्पा.

"ओरडले ना लोक. खूप ओरडले. त्यावर संघटना म्हणते, पैसा खाली गावोगावच्या क्लबांना आणि पोरांच्या शिबिरांना जातो. बऱ्याच सामन्यांना सोळा वर्षांखालची पोरं फुकट असतात हेही खरं. पण करोनानंतर त्यांनी गेटवर रोख घेणं बंद केलं, तिकीट आधी ऑनलाइन काढायचं. म्हाताऱ्या माणसांची पंचाईत झाली. पैसे खिशात आहेत, मैदान समोर आहे, आणि आत जाता येत नाही."

परवडण्यात हेही धरायला हवं असं मला वाटतं. आपण दर तेवढा बघतो. आगाऊ पैसे गुंतवायला लावणं, मोसमाचा पास एकरकमी घ्यायला लावणं, हे सगळं हातावर पोट असलेल्याला दरापेक्षा जास्त बोचतं. मोसमाचा पास सामन्यामागे स्वस्त पडतो, पण तो घेऊ शकतो कोण? ज्याच्या हातात एकदम तेवढी रक्कम आहे तो. म्हणजे सवलत पुन्हा त्यालाच, जो सवलतीवाचूनही आला असता. खजिनदाराला मी हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, मग पास हप्त्यांनी देऊ का? मस्करीत म्हणाला, पण का देऊ नये, हे त्यालाही सांगता आलं नाही.

मग धाकट्यानं जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ काढलं. तिथल्या फोर्टुना ड्युसेलडॉर्फ क्लबानं २०२३-२४ च्या मोसमात काही सामने सगळ्यांना फुकट केले, खर्च प्रायोजकांनी उचलला. पहिल्याच फुकट सामन्यात संघ ०-३ नं मागे होता आणि ४-३ नं जिंकला. गोष्ट छान आहे, पण मला हे उदाहरण इथे लागू पडतं असं वाटत नाही. तो धंदेवाईक क्लब, मागे मोठाल्या कंपन्या. आमच्या खजिनदाराला फलकावर नाव टाकायला माणूस मिळेना. त्यापेक्षा इंग्लंडातल्या खालच्या साखळ्यांतल्या क्लबांची तऱ्हा जवळची. तिथे २०१० पासून वर्षातला एक दिवस छोट्या क्लबांचा म्हणून पाळतात, मोठ्यांचे सामने नसतात तेव्हा. त्या दिवशी काही क्लब दर ठरवतच नाहीत. ज्याला जमेल तेवढं त्यानं द्यावं.

"असं ठेवलं तर आपल्याकडं सगळे कमीत कमी टाकतील," खजिनदार म्हणाला.

"सगळे नाही. मी कमी टाकीन," अप्पा म्हणाले. "आणि पुन्हा कामावर लागलो की भरून काढीन."

"ठीक आहे, मग बेकारांना अर्धं तिकीट ठेवू. काम सुटल्याचा कागद दाखवा, अर्धे पैसे द्या. झालं?"

हे खजिनदार अगदी चांगल्या मनानं म्हणाला होता. पण अप्पांचा चेहरा बदलला.

"म्हणजे मी खिडकीवर कागद दाखवायचा. मागं रांगेत शेजारचा उभा. त्याच्या मागं माझ्या पोराचा मित्र. त्यापेक्षा मी घरी बसतो की."

कुणी काही बोललं नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथेच होती. गरिबी सिद्ध करायला लावणारी सवलत कागदावर उदार दिसते आणि ज्यांच्यासाठी काढली तीच माणसं ती घेत नाहीत. खजिनदार मग वर्षाअखेर म्हणणार, अर्धं तिकीट ठेवलं होतं, कुणी घेतलंच नाही, म्हणजे गरज नव्हती. दर कमी करायचा तर तो सगळ्यांना कमी करावा, नाहीतर अशा गोष्टीवर करावा जी सांगायला लाज वाटत नाही. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकला मुलांसाठी एक सोय होती, काही तिकिटं वयाइतक्या पौंडांत. सात वर्षांचं पोर असेल तर सात पौंड. वय सांगायला कुणाला कमीपणा येत नाही, आणि पोरं बरोबर असली की आईबापांचाही एकूण खर्च उतरतो.

लंडनचं नाव निघालं आणि मास्तरांना दुसरंच आठवलं. "त्याच ऑलिंपिकात पहिल्या दिवसांत मोक्याच्या जागा रिकाम्या दिसत होत्या. लोकांना तिकिटं मिळत नाहीत, आणि पुढच्या रांगा ओस. त्या जागा होत्या पदाधिकाऱ्यांच्या आणि मानकऱ्यांच्या. शेवटी सैनिक, शिक्षक, शाळेची पोरं आणून बसवली." मग खजिनदाराकडे वळून, "आपल्याकडं पास किती जातात रे?"

खजिनदारानं आकडा सांगितला नाही. "जातात थोडे. मान ठेवावा लागतो."

"आणि येतात किती?"

"बक्षीस समारंभाला येतात."

धाकट्या एकदम उठूनच उभा राहिला. "भाऊ, आम्ही खेळतो तेव्हा समोर पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या दिसतात, बाकी काही नाही. दोन रांगा. सामना संपायला पाच मिनिटं उरली की भरतात. सगळ्यात चांगल्या जागा, आणि ज्यांना सहज परवडेल त्यांना फुकट."

"आणि कागद मी दाखवायचा," अप्पा म्हणाले.

आता खजिनदार खरंच अडचणीत आला. त्याचं समर्थनही अगदी खोटं नव्हतं. मैदानाची परवानगी, पोलिसांचा बंदोबस्त, पुढच्या वर्षीची जाहिरात, ही सगळी त्या खुर्च्यांवरूनच येते, असं तो म्हणाला. काही खुर्च्यांवरून येत असेलही. पण प्रत्येक पासाबरोबर घरचे चौघे, त्या चौघांचे आणखी दोघे, त्यांचं काय येतं हे त्याला सांगता येईना. मास्तरांनी सरळ हिशोब मांडला. पाहुण्याला एक पास द्यावा, बाकीच्यांनी तिकीट काढावं, आणि सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली की रिकामी खुर्ची ज्याची पाठ दुखते त्याची. तेवढ्यानं दर वाढवायची गरज निम्मी तरी कमी होईल. बाकीच्यासाठी दारावर एक डबा ठेवावा, वर खर्चाचा फळा लावावा, आणि ज्याला जास्त टाकता येतं त्यानं टाकावं. अप्पांसारख्यानं काय टाकलं ते कुणी बघू नये.

"डब्यापाशी मी उभा राहतो," अप्पा म्हणाले. "दोन महिने नुसता बसूनच आहे. मला मात्र आत सोडा."

खजिनदारानं मान डोलावली. फळा लावायला तो तयार आहे, दर यंदा आहे तोच ठेवायलाही बहुधा तयार होईल, समितीत बोलून बघतो म्हणाला. पासांची यादी मात्र त्यानं खिशातून काढली आणि मास्तरांपुढे धरली.

"छाटायची ना? छाटा. पण अध्यक्षांच्या मेव्हण्याकडे उद्या कोण जाणार ते आधी ठरवा. सात पास आहेत त्याच्याकडे."

मास्तर म्हणाले, धाकट्या जाईल. धाकट्या म्हणाला, मला संघात राहायचंय.